दुरून पाहिलेली बाई

समोर असतीस ना सुमे, तर कानच पकडला असता तुझा. आत्यावर कविता करून फोनवर पाठवतेस आणि वर्ष झालं, तोंड दाखवलं नाहीस!

काल हळदीकुंकवाला शेजारच्या नव्या सुनेला सगळ्यांनी नाव घ्यायला लावलं. पाठ केलेला उखाणा ती विसरली. दारात नवरा चपला शोधत होता. त्याच्याकडे बघून म्हणाली, “चपला समोर असून शोधतात कोपऱ्यात, सुधीररावांचं नाव घेते बायकांच्या घोळक्यात!” काय हसलो आम्ही!

तेव्हा मला तू सांगितलेली ती जुन्या काळची बाई आठवली. परमुलखातल्या कुण्या कवीनं तिला दुरून पाहिलं आणि जन्मभर तिच्यावर लिहिलं. ती खरीखुरी होती, दुसऱ्याच्या घरात नांदत होती, म्हणालीस. अगं, तिलाही पडसं होत असेल, तिचीही भाकरी करपत असेल, नवऱ्याची थट्टा करताना हसू आवरत नसेल. ते त्याला कुठून कळणार? त्याच्या ओळींत ती सुंदर राहिली बिचारी, पण बोलली एकदाही नाही.

तुझ्या कवितेतली आत्याही फार शांत आहे गं. मी कुठली एवढी शांत? लवकर ये, चार दिवस राहा, आणि माझी बडबड ऐकून चांगली कंटाळून जा.