गाडीखालचा हिरवा डाग

वनू, ये, अशी माझ्याजवळ बस. दिल्लीत राहून मावशीकडे यायला तुला फुरसत नाही, पण मावशीने गाडीचं इंजिन उकळवलं ही बातमी मात्र बरोबर पोचते. बारशाला आलीस म्हणून सापडलीस तरी. आता माझी बाजू ऐक. मी गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. मी फक्त फरशी धुतली.

माझी सवय तुला ठाऊक आहे. साताऱ्यात होते तोवर पहाटे सडा घातल्याशिवाय चहा घशाखाली उतरायचा नाही. चंदीगडला माझ्या निखिलकडे राहायला आले, तर अंगण म्हणून गाडी उभी करायची फरशी तेवढी वाट्याला आली. मग रोज पाचला बादली, खराटा आणि मी. निखिल उठेपर्यंत फरशी अशी लख्ख, की गाडीने तिच्यात बघून भांग पाडावा.

एप्रिलात गाडीखाली रोज एक हिरवा डाग दिसायला लागला. चिकट, गोडसर वासाचा. मी लगेच ओळखलं (ओळखायला मला कधीच वेळ लागत नाही, चुकायलाही नाही): शेजारच्या परमजीतकडचं खसचं सरबत! तिचा नातू हातात पेला घेऊन आमच्या गाडीभोवती पळायचाच. बोट लावून चाखणार होते, पण एकादशी होती. (ते विष असतं, हे पुढे कळलं. तेव्हापासून एकादशी जास्त कडक पाळते.)

परमजीतला कुंपणावरून म्हटलं, "बहनजी, आपका शरबत रोज हमारी फरशी पे गिरता है."

"हमारे यहाँ तो खस आता ही नहीं जी," ती म्हणाली. आणि संध्याकाळी बाजारातून बाटली आणून माझ्या हातात ठेवली. "पीने का मन था तो सीधे बोल देतीं!"

मी बाटली घेतली आणि डाग धूत राहिले.

इकडे निखिल हैराण. गाडी तापत होती. इंजिन थंड ठेवणारं ते कूलंट तो ऑफिसवरून येताना भरून आणायचा आणि दोन दिवसांत टाकी पुन्हा रिकामी. मेकॅनिक गुरदीपजी घरी आले. वाकून खाली बघितलं, फरशी कोरडी ठणठणीत.

"माताजी, नीचे कुछ टपकता है?"

"एक बूंद नहीं," मी अभिमानाने सांगितलं. "मैं खुद रोज देखती हूँ."

गुरदीपजींचा चेहरा पडला. "फिर तो अंदर ही जल रहा है. इंजन खोलना पड़ेगा."

आणि गुरुवारी केतकीची पीएचडीची तोंडी परीक्षा. माझी सून पाच वर्षं सेक्टर सदुसष्टमधल्या संस्थेत औषधांवर संशोधन करत होती, त्या सगळ्याचा फैसला अकरा वाजता. निखिल म्हणाला, "इंजिन नंतर खोलू. आधी एकदा खात्री करतो." झोपण्यापूर्वी त्याने गाडीखाली पुठ्ठा अंथरला, म्हणजे गळत असेल तर सकाळी डाग दिसेल. मला कोणी सांगितलं नाही. पहाटे बघते तर गाडीखाली घाणेरडा, ओला पुठ्ठा! उचलला, कचऱ्यात घातला, फरशी धुतली.

"आई, पुठ्ठा कुठे गेला?"

"कसला पुठ्ठा? स्वच्छ आहे बघ सगळं."

गुरुवारी कूलंटची टाकी काठोकाठ भरून निघालो. मीही, दही-साखरेची वाटी मांडीवर घेऊन. दुसऱ्याच चौकात काटा लाल रेषेला टेकला. निखिलने एसी बंद करून हीटर लावला, म्हणजे इंजिनची उष्णता आत ओढली जाते म्हणे. चंदीगडचा मे महिना, वनू, आणि हीटर! माझ्या दह्याचं ताक झालं. केतकी कपाळाचा घाम पुसत आपलं भाषण पाठ करत होती, मध्येच म्हणाली, "आई, मी विरघळायच्या आत पोचू ना?"

अकराला दहा मिनिटं असताना फाटकाशी पोचलो. ती आत पळाली आणि बॉनेटमधून वाफ निघाली.

निखिलने फोन केल्यावर गुरदीपजी आले. इंजिन गार होऊ दिलं, मग टाकीचं झाकण उघडून डब्यातून ओतू लागले. मी बघतच राहिले. डब्यात खसचं सरबत होतं.

ओतलेलं सगळं खालून रस्त्यावर आलं. "पाइप फटा है. महीने भर से टपक रहा होगा. माताजी, हरा पानी कभी नहीं दिखा?"

निखिल माझ्याकडे बघायला लागला. मी दह्याच्या वाटीकडे.

"दिखा," मी म्हटलं. "रोज दिखा. रोज धोया."

दीड वाजता केतकी हसत बाहेर आली. झाली डॉक्टर! "आई, शेवटी विचारलं, इतक्या वर्षांत काय शिकलात? मी म्हटलं, डाग दिसला तर आधी तो कुठून आला ते बघावं, मग पुसावं." (हे ती तिथे म्हणाली की मला ऐकवायला म्हणाली, अजून सांगत नाही.)

पाइप बदलला, इंजिन वाचलं. आता गाडीखाली कायमचा पुठ्ठा असतो आणि त्याला हात लावायची मला बंदी आहे. मी त्याच्याभोवती रांगोळी काढते.

तर आता तू चंदीगडला लवकर ये. दिल्लीहून पाच तासांचा रस्ता, गाडीनेच ये, परमजीतची बाटली अजून अर्धी आहे. फक्त तुझी गाडी गळत असेल, तर सकाळी माझ्याआधी ऊठ.