बिशपसाहेबांचं पत्र आणि आमची चटई

बिशपसाहेबांचं पत्र म्हटलं की अजून माझं डोकं उठतं.

आम्ही मूळचे महार. आज्ज्यानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून ख्रिस्ती. बेळगावच्या ज्या चर्चमध्ये आम्ही जायचो, तिथं पुढं बाकं होती. त्यांवर जुनी ख्रिस्ती घराणी बसायची. आम्ही मागं, दारापाशी, चटईवर. कम्युनियनचा प्रसाद घ्यायला पुढचे सगळे जाऊन आले की मग आमची पाळी. 'मागं बसा' असं कुणी म्हणत नव्हतं. म्हणायची गरजच काय?

माझी थोरली बहीण, आमची आक्का, सातवी पास झाली. तिला मास्तरीण व्हायचं होतं. ट्रेनिंग कॉलेजसाठी अस्पृश्यांच्या मुलींना सरकार स्कॉलरशिप देत होतं. महारवाड्यातल्या तिच्या मैत्रिणीला ती मिळाली. तिचं नि आमचं आडनाव एक, पाण्याची विहीर एक. आक्काचा अर्ज मात्र परत आला. ख्रिस्ती आहात, मिळणार नाही म्हणे.

आमचे आप्पा गवंड्याच्या हाताखाली काम करायचे. ते फादरकडं गेले. फादर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी बिशपसाहेबांना कळवलं आणि बिशपसाहेबांनी सरकारला लांबलचक पत्र लिहिलं, की आमच्या गरिबांनाही ही सवलत द्या. लई वाट बघितली आम्ही. आक्का जुनीच पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचत बसायची. शेवटी उत्तर आलं. तुमच्या धर्मात जात नाही असं तुम्हीच सांगता, मग जातीची सवलत कशी मागता?

घ्या! आई जेवू घालीना नि बाप भीक मागू देईना.

आप्पा कधी कुणाला उलटून बोललेले नव्हते. त्या रविवारी ते चटईवर बसलेच नाहीत. सरळ जाऊन पहिल्या बाकावर बसले, आक्काला नि मलाही शेजारी बसवलं. त्या बाकावरचं कुटुंब उठलं आणि दुसरीकडं गेलं. मिस्साची प्रार्थना संपल्यावर फादरनी आप्पांना बाजूला घेतलं. लोक दुखावतात, जरा सांभाळून घ्या म्हणाले.

आप्पा म्हणाले, "फादर, आमच्यात जात नसंल तर आमी हितंच बसणार. आन् असंल, तर आमी मागं चटईवर बसतो असं सरकारला लिवा, म्हंजे पोरीचं काम हुईल. दोन्हीकडनं न्हाय कसं म्हणता?"

फादर म्हणाले, बिशपसाहेबांना विचारतो. जळलं मेलं ते विचारणं! पत्रामागून पत्रं जात राहिली आणि इकडं कॉलेजची भरती बंद झाली.

आक्का निपाणीला मावशीकडं गेली, तंबाखूच्या वखारीत कामाला. नाताळला घरी आली तेव्हा दोन वाक्यं बोलली की खोकायची. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. चर्चच्या दारात फादर भेटले. मायेनं म्हणाले, तुझ्यासाठी बिशपसाहेबांनी पुन्हा लिहिलंय, पोरी.

आक्कानं माझा हात धरून मला पुढं ओढलं.

"माझं ऱ्हाऊ द्या, फादर. ही आता तिसरीत हाय. ही महार का ख्रिस्ती, ते हिची सातवी हुईपतोर तरी तुमी आन् सरकार मिळून ठरवा."

माझी सातवी झाली, तोवर काहीच ठरलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात आक्काच मला निपाणीला न्यायला आली.