नऊ तासांची चाकं

आमच्या साहेबांचा आवाज मला साहेबांपेक्षा चांगला जमतो. सुरुवात नाकातून, मध्ये एक खाकरा, आणि शेवटी "काय? कळलं ना?" कॉलेजात असताना सरांचा आवाज काढून मी दाराआडून अख्ख्या वर्गाला सुट्टी दिलेली. तेव्हा फक्त एक तास बुडाला होता.

महाडच्या एमआयडीसीत मी ज्या कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, तिथे पॉलियुरेथेनची चाकं बनतात. जड माल वाहणाऱ्या ट्रॉलीची. मध्ये लोखंडी तुंबा, ज्यातून आस जातो, आणि त्यावर काकवीच्या रंगाचा जाड थर. बघून खाऊनच टाकावीशी वाटतात. दोन रसायनं गरम करून मिसळायची, साच्यात ओतायची, अर्ध्या तासात चाक घट्ट. पण घट्ट म्हणजे तयार नव्हे. त्यानंतर सोळा तास ओव्हनमध्ये.

सोळा तास कशाला, हे मी नव्या पोरांना असं सांगतो. शिमग्याला पालखी आली की मैदान बघा. आधी सगळी सरमिसळ. मग हळूहळू मुंबईकर मुंबईकरांना शोधतात आणि देवळाच्या पायरीजवळ घोळका करून ताठ उभे राहतात. गाववाले आजूबाजूला मोकळे, नाचतायत. चाकाच्या आत तेच चालतं. रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, प्रत्येकीत एक तुकडा ताठ, एक लवचिक, पुन्हा एक ताठ. ताठ तुकडे दुसऱ्या साखळीतल्या ताठ तुकड्यांना शोधतात आणि सापडले की हात धरतात. एकाचा हायड्रोजन, दुसऱ्याचा ऑक्सिजन. त्याला हायड्रोजन बंध म्हणतात. एक हात सोडवायला फार जोर लागत नाही, पण असे लाखो हात धरले की घोळका हलत नाही. भार हे घोळके धरतात, धक्का मोकळे तुकडे खातात. पण शोधायला ऊब लागते आणि वेळ लागतो. मध्येच गार केलं तर जो जिथे असेल तिथेच अडकतो. बाहेरून काही दिसत नाही. तोच रंग, तीच चकाकी.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही.

यंदाच्या शिमग्यात ओव्हनवर शिवथरकडचे एक काका होते. संध्याकाळी त्यांच्या दारात पालखी येणार होती. पालखी दारात नाचली आणि ओवाळणीला घरचा कर्ताच नसला, तर वाडीत ते वर्षभर ऐकवतात. चाकं सकाळी सहाला ओव्हनमध्ये गेलेली, म्हणजे निघणार रात्री दहाला. बदलीला माणूस नाही, सगळे आपापल्या गावी पळालेले.

"साहेबांना विचारा ना, काका."

"इचारला रे. नाय बोलले."

त्यांचं तोंड बघवेना. मी लॅबमध्ये गेलो, इंटरकॉम उचलला. नाकातून. "हॅलो. बंद करा तो ओव्हन, काढा चाकं आणि जा घरी. काय? कळलं ना?"

"होय साहेब. होय साहेब."

तीन वाजले होते. नऊ तास झालेले. मला वाटलं, काका ओळखतील आणि येऊन पाठीत एक धपाटा घालतील. खरं सांगायचं तर, नाही ओळखलं तरी बरंच, असंही वाटलं. खिडकीतून बघितलं तर ओव्हनचं दार उघडं, आणि काका मोठा पंखा लावून चाकं गार करत होते. मी हसत होतो. खाली जाऊन थांबवायला दोन मिनिटं लागली असती.

सुट्टीनंतर मी चाकांचा कडकपणा मोजला. बरोबर आला. कडकपणा लवकरच येतो, ताकद मागून येते, हेही मला माहीत होतं. वहीत मी सोळा तास लिहिले आणि सही केली. आठ चाकं रस्त्यापलीकडच्या कारखान्यात गेली. तिथे माझा दादा ॲसिडचे ड्रम ट्रॉलीवरून उतारावरनं खाली नेतो.

त्याच ओतकामातली, चाकांबरोबरच ओव्हनमधून निघालेली एक लहान वडी तपासणीला ठेवलेली असते. ती दोन पट्ट्यांमध्ये दाबून दिवसभर गरम ठेवायची, मग सोडायची. चांगली वडी हळूहळू उठते. ही उठली नाही. मी चहा पिऊन आलो. नाही. जेवून आलो. बोटाखाली तशीच चपटी, मेल्यासारखी.

दादाला फोन लावला.

"नवीन चाकं कशी हायत?"

"एक नंबर. आवाजच नाय रे. फक्त उतारावर तापतात. हात लावला की चटका बसतो."

"ट्रॉली थांबव."

"कोण बोलतोय? तू का तुझा साहेब?"

"दादा, खरंच थांबव. चाकं कच्ची हायत."

"भारी! आता आमच्या सुपरवायझरचा काढ बघू." तो हसत होता. "चल, ड्रम चढवलेत, ठेवतो."

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. माझा स्वतःचा आवाज इतका बारीक आहे, हे मला तेव्हा कळलं. साहेबांनी लगेच फोन उचलून पलीकडे सांगितलं, "आमच्या चाकांची ट्रॉली असेल तिथे थांबवा." तेवढं ऐकून मी रस्ता ओलांडून पळत सुटलो.

ट्रॉली उताराच्या मध्यावर उभी होती. मागच्या चाकाचा थर तुंब्यावरून एका बाजूने सुटून फुगलेला. चाकाखाली लाकडाचा ओंडका सारलेला, वर चार ड्रम, आणि दादा खालच्या बाजूला पाठ लावून उभा. तिथे उतारावर ट्रॉली अशीच नेतात, एकाने खालून पाठीने पेलत. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "बाजूला हो," एवढंच बोलला. माणसांनी एकेक ड्रम उतरवला. शेवटचा उतरेपर्यंत दादाची पाठ तिथेच होती.

मी चाकं मोजली. चार.

"दादा, आठ आलेली."

"चार ठेकेदार घेऊन गेला. पोलादपूरचा. त्याच्या ट्रॉलीला बसवली."

ठेकेदार फोन उचलेना. दादाने शर्टही न बदलता बाईक काढली. पोलादपूरला त्याच्या शेडला कुलूप होतं. शेजारच्या घरातली बाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"ट्रॉली? ती सकाळीच नेली. आंबेनळी घाटात रस्त्याचं काम हाय ना, मशीन चढवायचंय तिच्यावर."

"माणसं किती असतील, मावशी?"

"धा-बारा. माझे दोघं हायत त्यात." ती सुपातून वर बघायला लागली. "का रे? काय झालं?"

दादाने बाईक वळवली. मागे बसून मी पुन्हा ठेकेदाराचा नंबर लावला. एकदा वाजला. मग घाटात शिरलो आणि रेंज गेली.