बोलावण्याचं शेपूट

आमच्या किर्तीमॅडम रविवारी सकाळी अंबरनाथला मोरिवलीच्या बुद्धविहाराच्या सभागृहात इंग्रजी शिकवतात. प्लास्टिकच्या खुर्च्या, पांढरा फळा, आणि खिडकीतून येणारा कारखान्यांचा वास, जो बाहेरच्या माणसालाच येतो, आम्हाला नाही. वर्गात मी सगळ्यांत मोठी. पन्नाशी उलटलेली बाई कॉलेजच्या पोरांत बसून क्रियापदं घोकते म्हणून माझी सून हसते. हसू दे तिला.

मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात पॅकिंगवर देखरेख करते. परदेशी पार्टीला मेल लिहायचं काम आमच्या भूपेशशेठनी माझ्या गळ्यात घातलं. ते सिंधी, मला अदी म्हणतात, म्हणजे ताई. "अदी, तू लिख, तेरे को सब आता है," असं म्हणून त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही चढले. एकदा पार्टीची तक्रार आली. मी ऐटीत लिहिलं, "युवर कम्प्लेंट इज टू बी लुक्ड." उलट उत्तर आलं की तक्रार आम्ही बघितलेलीच आहे, तुम्ही तिचं काय करणार ते कळवा. शेठ पोट धरून हसले. त्याच आठवड्यात मी किर्तीमॅडमचा वर्ग गाठला.

"इंटू कुठे सांडला, सुहासिनीताई?" माझा मेल वाचून त्यांनी विचारलं. "लुक्ड इंटू. शेपूट तोडायचं नाही."

हे शेपूट म्हणजे त्यांचा लाडका विषय. आपल्या मराठीत 'शी', 'कडे', 'साठी' हे माणसाला चिकटून असतात. माणूस हलला की तेही त्याच्याबरोबर हलतात. इंग्रजीत तसं नाही. माणूस उठून वाक्यात पुढे जाऊन बसतो आणि बिचारं शेपूट मागे एकटंच राहतं. लाफ्ड ॲट, लुक्ड आफ्टर, स्पोकन टू. पुढे कोणी नाही म्हणून आपण ते गाळतो आणि तोंडावर आपटतो.

"आणि सगळ्यांत वाईट शेपूट हे," असं म्हणून त्यांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. आय ॲम वेटिंग टू बी सेंट. आय ॲम वेटिंग टू बी सेंट फॉर. "पहिल्यात मला कोणीतरी पाठवणार आहे. दुसऱ्यात मला कोणीतरी बोलावून घेणार आहे. एका फॉरने माणसाचं तोंड उलट्या दिशेला फिरतं. जुन्या बायका म्हणायच्या ना, माहेरहून मूळ आलं? मुराळी यायचा, लेकीला घेऊन जायचा. ते हे, सेंट फॉर."

एवढं बोलून त्या फळा पुसायला वळल्या आणि बराच वेळ पुसत राहिल्या. फळ्यावर तेवढं काही नव्हतं. पोरांच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. बाईला बाईचं कळतं.

पुढे ओळख वाढली तसं त्यांनीच थोडंथोडं सांगितलं. किर्तीमॅडम बदलापूर गावातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या. उल्हासनगरच्या कॉलेजात बुद्धभूषण भेटला, अंबरनाथचा, बौद्ध कुटुंबातला. आता तो इथल्याच एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. इतका शांत माणूस की घरात मांजरसुद्धा त्याच्यापेक्षा जास्त बोलतं. लग्नाला किर्तीमॅडमच्या घरून कोणी आलं नाही. बाप, आनंदाशेठ, उंबऱ्यावर उभे राहून एवढंच म्हणाले, "आता बोलावणं येईल तवाच ये." आई वेणूबाई मागे उभ्या होत्या. 

मॅडमनी बापाचं ते वाक्य अक्षरशः धरलं. अहो, बाप रागाने बोलला, राग उतरला असता, पण शेतकऱ्याची लेक हट्टाला काय कमी असते? बोलावणं येईल तेव्हा जाईन म्हणाल्या आणि वाट बघत बसल्या. अंबरनाथहून बदलापूर एक स्टेशन. मधे चिखलोलीला नवीन स्टेशन होणार म्हणतात, म्हणजे सरकारनेही अंतर वाढवायचंच मनावर घेतलंय. मुलगा आकाश झाला, बारावीला पोचला. आजोळ त्याने फक्त ऐकलेलं.

मग आनंदाशेठ गेले. बाजारात भाजी विकणाऱ्या गावाकडच्या बाईने सांगितलं तेव्हा किर्तीमॅडमना कळलं. हातातली पिशवी तशीच घेऊन त्या स्टेशनच्या पुलापर्यंत गेल्या आणि तिथून परत आल्या. बोलावणं नव्हतं. त्या दिवशीचं सांगताना त्या माझ्यासमोर रडल्या. "ताई, मला हिस्सा नको, मानपान नको. घरातलं कोणीतरी यावं आणि म्हणावं, चल, तुला बोलावलंय. एवढंच पाहिजे मला." मी म्हटलं, फोन करा. तर म्हणाल्या, आईचा फोन म्हणजे धाकट्या भावाचा फोन, आणि सनी माझा आवाज ऐकला की ठेवून देतो.

या पावसाळ्यानंतर वर्गात हिमानी नावाची मुलगी आली. कॉलेजात जाणारी, केसांना लाल रंग लावलेली, बदलापूरची. आडनाव वाचून मॅडम जराशा थबकल्या, पण त्या गावात निम्म्या घरांचं आडनाव तेच. पुढे गेल्या. पोरगी महिनाभर गप्प बसली. नुसती मॅडमकडे टक लावून बघायची.

एका रविवारी शेपटांचीच उजळणी चालली होती. प्रत्येकाने स्वतःच्या घरातलं एक वाक्य करायचं. हिमानी उभी राहिली. "माय ग्रँडमदर इज वेटिंग टू बी सेंट."

"कुठे? चंद्रावर?" मागून कोणीतरी म्हणालं आणि पोरं खिदळली. मला हसू आलं नाही. घरातल्या म्हातारीला वृद्धाश्रमात पाठवायचं चाललंय की काय, असं माझ्या मनात आलं. मॅडमच्याही तेच आलं असावं, कारण त्यांनी इंग्रजी सोडून दिलं.

"कुठे पाठवताय तुम्ही आजीला?"

"पाठवत नाही, मॅम." हिमानीचा चेहरा लाल झाला. "फॉर राहिला. सेंट फॉर. आजी वेट करते ना. तिची मुलगी बोलावेल म्हणून."

 मॅडमच्या हातात मार्कर होतं, त्याचं टोपण त्या लावत होत्या आणि ते लागत नव्हतं.

"आजीचं नाव काय?"

"वेणूबाई."

"तुला इथे कोणी पाठवलं?"

"आजीनेच. पप्पांना मालूम नाही. आजी बोलली, तुझी आत्या इंग्लिश शिकवते, तिच्याकडेच शिक." मग खाली बघत ती म्हणाली, "आजोबा गेले तेव्हा तुम्ही आल्या नाही, तर आजीला वाटलं तुम्ही गुस्सा आहात. मुलीने बोलावल्याशिवाय तिच्या घरी कसं जायचं, बोलते. मी किती बार सांगितलं, चल मी नेते. ऐकतच नाही."

घ्या! आई एका स्टेशनवर लेकीच्या बोलावण्याची वाट बघतेय, लेक दुसऱ्या स्टेशनवर आईच्या. मला दोघींचा असा राग आला की सांगता सोय नाही. आणि त्याच रागात डोळ्यांना पाणीही आलं. मॅडम खुर्चीवर बसल्या. वर्ग संपला असं कोणी म्हणालं नाही, पोरं आपली आपण उठून गेली.

पुढच्या रविवारी मुराळी म्हणून मी गेले. मिशा नसलेला मुराळी, पण काय करणार. बुद्धभूषण गेला असता तर सनीने ओट्यावरूनच परत पाठवला असता, आणि मॅडमचे पाय पुलाच्या पुढे जात नव्हते. "आईला घेऊन या," एवढंच त्या म्हणाल्या. मी आणि हिमानी रिक्षाने बदलापूर गावात गेलो.

सनी ओट्यावर मोबाइल बघत बसला होता. मी कोण, कशाला आले, सगळं सांगितलं. "जायचं असेल तर जाऊ दे," असं तो मोबाइललाच म्हणाला. वेणूबाई आतून आल्या. किरकोळ अंगाची बाई, डोळे मात्र थेट किर्तीमॅडमचे.

"तिनी बोलवलाय?" त्यांनी मला विचारलं. "का तुमी आपल्या मनान् आलाव?"

"तिने बोलावलंय."

"जेवाला का र्‍हावाला?"

याचं उत्तर मला कोणी शिकवून पाठवलं नव्हतं. "राहायला," मी ठोकून दिलं.

त्या आत गेल्या आणि नेसून आल्या. ते लुगडं कधीचं घडी घालून ठेवलेलं असावं, घडीच्या रेघांवर रंग उडाला होता. रिक्षात बसल्यावर पिशवी मांडीवर घेतली.  चिखलोलीच्या नव्या इमारती बघत बघत विचारलं, "ती का नाय आली न्यायला?"

मला राहवलं नाही. "तिला कुठे कोणी बोलावलंय, आजी? ती पण तेवढ्यासाठीच थांबलीय."

वेणूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग तोंडाला पदर लावला आणि मोरिवली येईपर्यंत काढला नाही.

किर्तीमॅडम आपल्या घराच्या दारात उभ्या होत्या. मागे बुद्धभूषण, त्याच्यामागे उंच झालेला आकाश. रिक्षा थांबली. हिमानी उतरली, मी उतरले. वेणूबाई उतरेनात. मला वाटलं, बिनसलं. ऐन वेळी म्हातारीचा मान आडवा आला.

"आजी, चला ना," हिमानी म्हणाली.

त्यांनी तिला हाताने गप्प केलं. त्या आत सरकल्या आणि सीटवर शेजारची जागा रिकामी केली. दाराकडे बघून म्हणाल्या, "किर्ते, ये. मी बोलवते तुला. ये."

मॅडम अनवाणीच आल्या. रिक्षात चढल्या, आईच्या शेजारी बसल्या आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. इकडे दारात आम्ही सगळे नुसते उभे.

रिक्षावाल्याने जरा वेळ वाट बघितली. मग मान वळवून त्याने विचारलं, "आता कुठे जायचं?"