उगवतीचं दार आणि बोळातली भिंत

मी दाराच्या चौकटीत दोन्ही हात ताणून उभी होते आणि नात माझ्या पोटात डोकं घालून मला बाहेर ढकलत होती. तिच्या काखेत लेकरू होतं. फरशी हलत होती, मांडणीवरची भांडी खाली येत होती. समोरच्या भिंतीत, बाळंतिणीच्या बाजेच्या वर, एक भेग ब्लॉकच्या सांध्यासांध्यानं पायऱ्या चढावी तशी वर चालली होती.

"आज्जे, सोड! भिंत फाटली!"

"फाटू दे. बाहेर जायचं न्हाय."

"लेकराला मारतीस का माझ्या?"

तिनं माझ्या मनगटाला चावा घेतला. मी हात काढला नाही.

तिचं चुकत नव्हतं. आमच्याकडे जमीन गुरगुरली की माणूस आधी बाहेर पळतं. मोठ्या भूकंपात आत राहिलेले दगडाखाली गेले, हे इथं पोरांना बोलायला यायच्या आधी कळतं. नात येडशीकडे दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आलेली. तिचा जन्म त्या भूकंपानंतरचा, तरी ती भीती तिच्यातही होतीच. पण आमच्या दारासमोर अरुंद बोळ आहे आणि बोळापलीकडे थोरल्या जाऊबाईंची भिंत होती. दोन्ही बाजूंना दगड, मधे माती आणि खडी, वर मातीच्या माळवदाचा भार. हात पसरले तर एवढी जाड. जाड म्हणून सगळे तिला मजबूत म्हणायचे.

मोठ्या भूकंपात जुन्या घराची आमची बाजू बसली आणि जाऊबाईंची राहिली. त्यामुळे नव्या गावठाणात जायला त्या तयार नव्हत्या आणि त्यांना एकटं सोडायला माझा नवरा तयार नव्हता. आम्ही मागच्या परड्यातच सिमेंटच्या पोकळ ब्लॉकच्या दोन खोल्या बांधल्या. बांधकामावर आलेला इंजिनियर सांगत होता की दार मावळतीला काढा, तिकडे मोकळं आहे. घरात सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. आमच्या घराण्यात दार उगवतीलाच असतं. उगवतीला बोळ होता. एवढं लोखंड घालून घर बांधलं आणि दार काढलं जुन्या भिंतीच्या तोंडावर.

त्या कामावर मी पाट्या वाहिल्या. घराच्या पायातून उभे गज वर आलेले असत. गवंडी ब्लॉक डोक्यावर उचलून वरून गजात ओवायचे, मणी ओवतात तसे. मग त्या पोकळीत आम्ही कालवलेलं सिमेंट ओतायचो आणि सळईनं कोचायचो. खिडकीखाली, दारावर, चारी भिंतींना कवळून लोखंडाचा पट्टा. हात फाटले माझे. तेव्हा मला त्या घराचं कौतुक नव्हतं, कधी संपतंय एवढंच होतं.

एक दिवस इंजिनियरनं दोन लहान भिंती बांधून ठेवल्या, एक गज घातलेली आणि एक नुसती. त्या वाळल्यावर ट्रकचा जॅक आडवा लावून तो ढकलायला लागला. गाव बघायला जमलं. जाऊबाई पुढेच.

"साहेब, भिंत ढकलायचा पगार मिळतो व्हय तुमाला? आमचा रेडा न्या की. फुकट ढकलंल."

माणसं हसली. तोही हसला. "न्यायला हरकत नाही, मावशी. भूकंप रेड्यासारखाच असतो. वरून दाबत नाही, आडवा धडकतो."

नुसती भिंत भेगाळली आणि पुढच्याच दाबाला ढासळली. गजाची भिंतही भेगाळली, पायऱ्यापायऱ्यांनी, कलली, पण उभी राहिली. त्यानं जॅक सैल केला तशी ती जवळजवळ जागेवर आली आणि भेगा मिटल्या. दाब सिमेंट घेतं आणि ताण गज घेतो, असं तो म्हणाला. दगडमातीला ताण घेता येत नाही.

"भेगाळली की ही बी!" जाऊबाई म्हणाल्या.

"भेगाळली. पडली का?"

"पापड बी आधी भेगाळतो, मग मोडतो."

तेव्हापासून माझ्या घराचं नाव पापडाचं घर. मरेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. आमचं कधी पटलं असं नाही, पण बाळ न्हाऊ घालायला रोज त्याच यायच्या. त्यांच्या हाताला लेकरू रडत नसे. त्या दिवशीही न्हाऊ घातलं, धुरी दिली, आणि ऊन चढलं तशा त्या पदरानं वारा घेत उठल्या.

"बाई, इथंच पडा की जरा," मी म्हटलं.

"तुज्या पापडात भाजून घेऊ? माज्याकडं गार हाय." आणि नातीला म्हणाल्या, "आजीचं ऐकू नगंस. ती लगीन होऊन आली तवापासनं अशीच हाय."

नात हसली. त्या बोळ ओलांडून गेल्या. मी परात मोरीत ठेवली आणि जमीन गुरगुरली.

लोक मला विचारतात, दारात उभं राहायचं सुचलं कसं. सुचलं वगैरे काही नाही. त्या पायऱ्यांच्या भेगा मी पूर्वी बघितल्या होत्या. आमची भिंत धरेल याची मला खात्री नव्हती. बोळातली धरणार नाही याची होती.

ती पडली तेव्हा माझी पाठ तिच्याकडे होती. आवाज मोठा नव्हता, गाडीतून खडी ओतल्यासारखा. एक दगड माझ्या टाचेवर आला. धूळ माझ्या दोन्ही बाजूंनी आत शिरली आणि नात ढकलायची थांबली. मग सगळंच थांबलं. लेकरू शिंकलं. मी तिला बाजेवर बसवलं, लेकराचं तोंड पुसलं आणि भिंतीला हात लावून बघितला. भेगेत नख जात होतं. कोपरे उभे होते.

दार कमरेपर्यंत दगडांनी भरलं होतं. रानातून सोयाबीन काढणारी माणसं पळत आली. त्यांनी मागच्या खिडकीचे गज कापून आधी लेकरू घेतलं, मग नात, मग मला. नंतर ती माणसं बोळाकडे वळली. मी टाच धरून बाभळीखाली बसले. नात सारखी विचारत होती, "थोरली आजी कुठं हाय?" मी लेकराचं डोकं पदरानं झाकलं.

जाऊबाई त्यांच्या गार खोलीत निजलेल्याच सापडल्या. उठल्याही नव्हत्या.

नात जगली, तिचं लेकरू जगलं आणि मी जगले.