मोनोरेलची खांदेमळणी

दिवस : गेल्या वर्षीचा, पोळ्याचा आदला. वेळ दुपारची, जेवणं उरकल्यानंतरची.

हजर : मी, बागेचे मालक, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर जोशी साहेब, क्रेनवाले इरफानभाई आणि बागेत झाडलोट करणाऱ्या कौसाबाई.

गैरहजर : बाबाराव. कौसाबाईंचे यजमान. ते त्याच वर्षी ज्येष्ठात वारले होते.

आधी दिवस, मग हजेरी, मग काम — ही माझी सवय. गंगाखेड रस्त्यावरच्या एका खाजगी करमणूक बागेची मी व्यवस्थापक आहे. (बागेचं नाव मुद्दाम देत नाही.) पाळणे, घसरगुंड्या, नावा, कँटीन, सहली... हे सगळं सांभाळायचं तर डोकं जागेवर लागतं. भूतखेत, अंगात येणं, इशारे, असल्या गोष्टींना माझ्याकडे कधी जागा नव्हती. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा घरातल्या तिघींना त्या स्वप्नात दिसल्या. मला नाही दिसल्या. तेव्हा मी जे काही सांगते आहे ते जसं घडलं तसं, एवढं धरून वाचा.

आमच्या बागेत एक मोनोरेल होती. होती म्हणजे... अजून आहे. लोखंडी खांबांवर एकच जाड तुळई, आणि त्या तुळईवर खोगीर घातल्यासारखे बसलेले चार छोटे डबे. बागेला एक चक्कर, मध्ये तळ्यावरून एक मोठं वळण. वीसेक वर्षांपूर्वी आली तेव्हा मानवत, पाथरीपासून लोक फक्त तिच्यासाठी यायचे. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. सुटे भाग मिळेनात. चाकांचं रबर झिजलं, दारांच्या कड्या सैल झाल्या, पावसाळ्यात मोटार रुसायची. परभणीच्या लेथवर भाग कातून घ्यायचे आणि दिवस काढायचे, असं चाललं होतं.

ती चालवायचे बाबाराव. राणीसावरगावचे. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा बैलजोडी धाकट्याकडे गेली आणि पुढं त्यानं ट्रॅक्टर घेतला. बाबाराव आमच्याकडे आले. गाडी थांबवताना ब्रेक दाबायच्या आधी तोंडानं “हो... हो...” म्हणायचे. प्रवासी हसायचे, त्यांना त्याचं काही नसायचं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून सोललेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळायचं आणि बैलाला जेवणाचं आमंत्रण द्यायचं — आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. बाबाराव दरवर्षी हे मोनोरेलला करायचे. पहिल्या डब्याखाली डाव्या-उजव्या बाजूनं दोन लोखंडी हात येतात, त्यांना लावलेली चाकं तुळई दोन्हीकडून धरून ठेवतात. त्या हातांना बाबाराव खांदे म्हणायचे. झाकण उघडून दोन्ही खांदे मळायचे, आवतण द्यायचे, दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा घास गाडीच्या नाकाला लावायचे. मी एकदा म्हटलं होतं, बाबाराव, ग्रीस आणून दिलंय ना? तर म्हणाले, “ग्रीस चाकाला, म्याडम. खांद्याला हातच लागतो.”

चैत्रात एका रविवारी गाडी तळ्यावरच्या वळणावर बंद पडली. आत सोनपेठकडचं एक कुटुंब होतं. बाबारावांनी शिडी लावून एकेकाला खाली आणलं. शेवटी एक म्हाताऱ्या आजी राहिल्या, त्या घाबरून दार सोडेनात. बाबारावांनी पाठ वाकवली. “बैलाच्या पाठीवर बसलाव समजा आजी. फक्त श्येपूट धरू नका.” आजी हसल्या आणि उतरल्या. त्या दिवसापासून गाडी वळणावरच आहे, ती मागे ओढता आली नाही. बाबाराव रोज सकाळी तळ्याच्या काठावर उभं राहून तिच्याकडे बघायचे. मग एके दिवशी घरी, अंगणात बसल्या बसल्या गेले. हृदय.

आता त्या दुपारचं.

मालकांच्या मनात दुरुस्ती होती. मोटार बदलू, चाकं बदलू, रंग मारू, दिवाळीला चालू करू. जोशी साहेबांनी तपासून सही करायची होती. दुसरा पर्याय म्हणजे ही कापून भंगारात काढायची आणि जमिनीवर धावणारी बॅटरीची गाडी घ्यायची. मालकांना तो नको होता. खरं सांगायचं तर मलाही नको होता.

सकाळीच कौसाबाई माझ्याकडे आल्या होत्या. हातात स्टीलचा छोटा डबा, हळद-लोण्याचा. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की क्रेन येणारच आहे, तर संध्याकाळी त्यांना क्रेनच्या पाळण्यात घालून वर न्यावं. ते गेले, पण गाडीची मळणी चुकू नये. मी म्हटलं, आधी तपासणी होऊ द्या. साहेब म्हणाले धोका नाही, तर मी स्वतः तुम्हाला घेऊन वर जाईन. कौसाबाईंनी मान डोलावली आणि डबा पदराखाली घेतला.

इरफानभाईंनी काठावर क्रेन लावली. “लय यंत्रं उचलली म्याडम, पण बैलाला क्रेन पहिल्यांदाच लावायलोय,” असं ते कौसाबाईंकडे बघून म्हणाले. त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसताना पाहिलं मी त्यांना.

क्रेनच्या पाळण्यात जोशी साहेब आणि मी. कागद, टॉर्च, बोल्टचे पाने, ग्राइंडर. खांद्यांची झाकणं बोल्टनं बंद होती आणि बोल्टवर रंग चढलेला होता. हे मला पक्कं माहीत होतं, कारण थंडीत ते दोन्ही हात नवे बसवले तेव्हा मी खाली उभी होते. जुने भंगारात गेले. नव्यांना बाबारावांनी काळं ग्रीस भरलं, झाकणं लावली, वरून निळा रंग मारला. त्यानंतर ती उघडलीच नव्हती. रंग कुठेही तडकलेला नव्हता. बोल्ट गंजून बसले होते, पाना फिरेना. साहेबांनी डाव्या बाजूचे बोल्ट ग्राइंडरनं कापले आणि झाकण काढलं.

आत हळद होती.

म्हणजे आधी वास आला. लोण्याचा, ओल्या हळदीचा. मग दिसलं — लोखंडी हातावर वरपासून खालपर्यंत पिवळा लेप, त्यात चार बोटांचे ओघळ, चोळत खाली नेल्यासारखे. धुळीचा कण नाही. एक मुंगी तेवढी कडेला फिरत होती.

साहेब म्हणाले, पिवळं ग्रीसही मिळतं. मी म्हटलं, आपण काळं भरलं होतं. त्यांनी बोट लावलं, हुंगलं. सुती चिंधीनं थोडं पुसून घेतलं आणि आम्ही उजवीकडे वळलो. तिथलेही बोल्ट तसेच गंजलेले, तेही कापले. उजवा हात कोरडा होता. काळं ग्रीस, थोडा गंज, बाकी काही नाही. एक खांदा मळलेला, दुसरा नाही.

हे असं का, म्हणून साहेब वाकले. टॉर्च आत घातला. त्या कोरड्या हाताच्या मागे तुळईचं जोडकाम होतं, एरवी झाकणाआड कुणाला न दिसणारं. त्यात भेग होती. वीतभर लांब, आरपार.

साहेबांनी टॉर्च बंद केला आणि इरफानभाईंना हात केला. पाळणा खाली आला. मालकांना त्यांनी तिथेच सांगितलं की ही गाडी पुन्हा चालणार नाही. माणसं बसवून चालवली असती तर याच वळणावर खाली आली असती. आणि आता तिच्या जवळही कुणी जायचं नाही. कापणारे येतील तेवढेच, तेही त्यांच्या देखरेखीत.

मग त्यांनी कौसाबाईंना विचारलं, बाई, वर कुणी गेलं होतं का? आवाज सरळ होता, पण विचारण्यात संशय होता. कौसाबाईंनी पदराखालचा डबा काढून उघडून दाखवला. काठोकाठ भरलेला होता. “मला आमच्या घराच्या पायऱ्या चढवंनात सायेब. तळ्यावर कवा चढू?” साहेब ओशाळले. वर जायची शिडी साखळीनं कुलूपबंद होती आणि किल्ली माझ्या कमरेला होती. दुसरी किल्ली नाही.

चिंधी कौसाबाईंनी मागून घेतली. नाकाशी नेली. मग मला विचारलं, “दोन्ही खांदे झालेत का ताई?”

मी खरं ते सांगितलं. डावा झालाय. उजवा कोरडा आहे.

“मंग ते ऱ्हायलंय,” त्या म्हणाल्या. “मला वर घ्या. उजवा मी करते.”

सकाळी मी शब्द दिला होता. पण तो धोका नसेल तर, असा होता, आणि भेग मी डोळ्यांनी पाहून आले होते. एका विधवा बाईला त्या तुळईशेजारी नेणं माझ्यानं शक्य नव्हतं. मी नाही म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. इरफानभाईंनी सुचवलं की नावेतून जाऊन लांब बांबूला फडकं बांधून लावू. कौसाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

“काठीनं बैलाला मारत्यात, भाई. खांदा हातानं मळत्यात.”

त्या डबा झाकून काठावर बसल्या. संध्याकाळ झाली. गावांकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज यायला लागला. मी म्हटलं, इथूनच आवतण द्या. तर म्हणाल्या, एक खांदा तसाच ठेवून जेवायला कसं बोलवायचं? त्या वर्षी आवतण झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पुरणही शिजलं नाही, हे मला नंतर कळलं.

दिवाळीला बॅटरीची गाडी आली. निळी, जमिनीवरच्या रुळांवर धावणारी, सीटचे पट्टे नीट, दारांच्या कड्या नीट. मुलं खूश आहेत. मी रोज सकाळी तिची तपासणी करते. कौसाबाई तिच्या रुळांशेजारी झाडतात, पण अजून एकदाही बसल्या नाहीत. मी एकदा आग्रह केला, तेव्हा म्हणाल्या, पुढं कधीतरी.

जुनी कापायला मानवतचे कटिंगवाले आले होते. गॅसच्या टाक्या उतरवल्या, कँटीनवर चहा प्यायले, आणि चहावरच त्यांना हळदीची गोष्ट कळली. कुणी सांगितली विचारू नका, आमच्या कँटीनवर काही लपत नाही. त्यांचा मुकादम माझ्याकडे आला. “अर्धी मळणी झालेल्या जित्राबावर आमी हत्यार चालवत न्हाई, म्याडम. आधी पुरी करा, मंग बोलवा.” टाक्या परत गाडीत चढल्या.

म्हणजे असं झालंय. मळणी पुरी झाल्याशिवाय कुणी कापत नाही, आणि कापून खाली उतरवल्याशिवाय साहेब कुणाला तिच्या जवळ जाऊ देत नाहीत. दोघांचंही मला पटतं, हीच अडचण आहे.

मी सगळे मार्ग तपासले. झाकणाला फट होती का? नव्हती. रंग नंतर मारला असेल का? रंगाचा डबा माझ्याच कपाटात होता. जुना लेप उरला असेल का? ते हात भंगारात गेले, हे हात नवे. जोशी साहेब परवा भेटले तेव्हा मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, भेगेचं कारण मी सांगू शकतो, लेपाचं नाही. आणि विषय बदलला. मला स्वतःला जे राहून राहून टोचतं ते वेगळंच आहे. तिथं कुणी आलं असेल, तर ते उजवीकडे का गेले नाहीत? भेग माहीत होती म्हणून, की तेवढ्यात आम्ही पोचलो म्हणून? कौसाबाईंना मी हे विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

यंदाचा पोळा पुढच्या आठवड्यात आहे. इरफानभाई क्रेन घेऊन यायला तयार आहेत. तुळईला खालून टेकू देता येईल का, ते बघायला साहेबांना पुन्हा यायला सांगितलंय, त्यांनी अजून होकार दिलेला नाही. कौसाबाईंनी काल विचारलं, लोणी सांगून ठेवू का? मी म्हटलं, ठेवा.

उजवा खांदा अजून कोरडाच आहे.