प्रेमाबाईचा खर्ज

जळकोटच्या प्रेमाबाईचा गळा घडवताना देवाच्या हाताशी बाईचं माप नव्हतं, असं लोक म्हणायचे. अंगानं काडी, चालणं मांजरीचं, पण तोंड उघडलं की आवाज रांजणाच्या तळातून यावा तसा यायचा. नवखा माणूस दारात आला आणि आतून "कोण हाय?" असं ऐकू आलं की तो टोपी सारखी करून उभा राहायचा. त्याला वाटायचं, घरचा कर्ता येतोय. मग पदराला हात पुसत ही बाहेर यायची आणि पाहुण्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. तिचा नवरा गुंडाप्पा तेलाचा घाणा चालवायचा. मऊ माणूस. तो म्हणायचा, "आमच्या घरात बाप्ये दोन. थोरला हिचा आवाज, धाकटा मी."

घरात हसून भागायचं. महादेवाच्या देवळात भागायचं नाही. श्रावणातल्या सोमवारी संध्याकाळी तिथं भजन असायचं आणि भजनाची दोरी शांतलिंग मास्तरांच्या हातात. मास्तर माणूस सरळ, पण गळा पिपाणीचा. पेटी तेच वाजवायचे आणि सूरही आपल्या गळ्याला बेतूनच धरायचे. बाकीची मंडळी टाचा उंच करून फळीवरचा डबा काढावा तशी त्या सुराला पोचायची. प्रेमाबाई पोचायची नाही. ताणून म्हटलं तर घसा फाटायचा. आपल्या सुरात म्हटलं तर एका देवळात दोन भजनं चालल्यासारखं व्हायचं. म्हणून ती अकरा वर्षं मागच्या रांगेत नुसते ओठ हलवत बसली. पदं सगळी पाठ होती. पहाटे भाकरी थापताना ती म्हणायची तेव्हा उतरंडीतली भांडीसुद्धा घुमायची. पण देवापुढं बसून एकटीनं एक पद म्हणायचं, ते एकदाही झालं नव्हतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी, चैत्रात, तिनं मास्तरांना गाठलं आणि पेटीचा सूर खाली आणता येईल का म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, येईल की, पण मग मी कुठं जाऊ? तिनं पाठ धरली तेव्हा ते म्हणाले, "प्रेमाबाई, तुमच्या गळ्याला पेटी न्हाय चालायची. तुम्हाला तंबोरा लागंल, त्योबी गवयाचा, मोठ्या भोपळ्याचा. तसा आणा. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारचं पद तुमचं. न्हाय आणला, तर पुढं ह्यो विषय काढायचा न्हाय."

मास्तरांना वाटलं, विषय मिटला. प्रेमाबाईला वाटलं, आता कुठं सुरू झाला.

तिची स्वतःची एक म्हैस होती, माहेरून आलेल्या पारडीची वाढवलेली. ती तिनं विकली. पाण्यावरच्या बाया म्हणाल्या, एक रेकणारी घालवली आन् दुसरी आणायला निघाली. प्रेमाबाईनं घागर उचलली आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरची यष्टी धरली.

सोलापूरच्या दुकानदारानं बाई बघून जनानी तंबोरा काढला. नाजूक, वेलबुट्टीचा, नवऱ्या मुलीसारखा नटलेला. सूर लावून दाखवला. प्रेमाबाई म्हणाली, अजून खाली. त्यानं खुंटी सैल केली. अजून खाली. पुन्हा सैल केली. शेवटी तारा अशा लोंबल्या की जणू शेवया वाळत घातल्यात. छेडली तर फदफद. दुकानदारानं घाम पुसला आणि सांगितलं, बाई, तुमच्या सुराचा तंबोरा तयार मिळत नाही. तुमच्याच वाटेवर नळदुर्ग आहे, तिथं चाँदपाशाला विचारा.

चाँदपाशा वयानं साठीपुढचा. उमेदीची वर्षं त्यानं हैदराबादेत काढली होती, नवाबांच्या देवड्यांतल्या, म्हणजे वाड्यांतल्या गवयांचे तंबोरे आणि सतारी दुरुस्त करत. निजामाचं राज्य गेलं, देवड्यांचे दरवाजे बंद झाले, तसा तो आपली हत्यारं आणि वाळलेले भोपळे घेऊन गावी परत आला. आता पोट भरत होतं ते खाटांचे पाय आणि पाळणे करून. प्रेमाबाईनं काय पाहिजे ते सांगितलं, तर तो म्हणाला, "आधी तुम्ही म्हणून दाखवा. तुमचा तळ कळल्याबिगर मी दोरी कशी सोडू?"

तिनं अंगणात उभ्या उभ्या दोन ओळी म्हटल्या. त्याची बायको कुलसुमबी सूप हातात धरून थांबली, पाखडायचं विसरली. चाँदपाशा उठला. आत गेला आणि तीन भोपळे आणून तिच्यापुढं ठेवले. मडकं घेताना वाजवून घेता ना, म्हणाला, तसं वाजवा. पहिला भोपळा कलिंगडासारखा वाजला, म्हणजे आत अजून ओल होती. दुसऱ्याचा आवाज चिरका, कुठंतरी तडा होता. तिसरा सगळ्यांत मोठा आणि हाताला अगदी हलका. त्यावर बोटाची पेरं आपटली तर रिकाम्या घरात कुणी हाक मारावी तसा आवाज झाला. तिनं त्याच्यावर हात ठेवला.

"हैदराबादच्या एका खाँसाहेबांसाठी ठेवला होता," चाँदपाशा म्हणाला. "त्यांचं येणं झालं न्हाय. तुमचं झालं."

त्या भोपळ्याचा तंबोरा उभा राहायला जेठ संपला. प्रेमाबाई बघायला गेली तेव्हा चार तारा चढल्या होत्या. चौथी पितळेची, सगळ्यांत जाड, खर्जाची. तिनं तंबोरा मांडीवर घेतला, गाल दांडीला टेकवला आणि ती तार छेडली. आवाज कानात आला नाही, आधी दाढेत आला, मग छातीच्या हाडात उतरला आणि तिथंच भुंग्यासारखा फिरत बसला. आजवर तिच्या आवाजाच्या खाली कधी कुणी नव्हतं. सगळे वर. ती पुन्हा पुन्हा तार छेडत राहिली आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं, ते तिनं पदरानं नाही, दांडीच्या आडून मनगटानं पुसलं.

मग तिची नजर भोपळ्याच्या तोंडावरच्या पांढऱ्या, गुळगुळीत तुकड्यावर गेली. चारी तारा त्याच्यावरून गेल्या होत्या.

"चाचा, ही कशाची हो?"

"घोडी म्हणतात तिला. तंबोऱ्याचा गळा तिच्यातच असतो. उंटाच्या हाडाची हाय, माझ्या अब्बांच्या वेळची."

प्रेमाबाईनं तंबोरा हळूच खाली ठेवला. गळ्यात लिंग, घरात कांदालसणाशिवाय दुसरं जहाल काही नाही. पाठीमागून कुलसुमबी नवऱ्याला हळू आवाजात बोलली की हस्तिदंत म्हणाला असता तर काय बिघडलं असतं. चाँदपाशा म्हणाला, देवापुढं न्यायची चीज आहे, तिच्याबद्दल खोटं बोलवत नाही. मग प्रेमाबाईकडं वळून त्यानं सरळच विचारलं, "बाई, ढोलकीला कातडं चालतं तुमच्या देवळात. हाडानंच काय घोडं मारलंय?"

"ढोलकीचं वाजवणारा बघंल. ह्यो मी छातीशी धरून बसणार. पद शिवाचं म्हणायचं आन् डोळ्यांपुढं उंट उभा ऱ्हायला, तर मी कुणाचं नाव घेतलं म्हणायचं? लाकडाची करा."

चाँदपाशानं समजावलं. लाकूड हाडासारखं टिकत नाही, जाड तार त्याला खात जाते, दरवर्षी घासावं लागतं. प्रेमाबाई म्हणाली, मग दरवर्षी घासू. जातं टाकवून घेत नाही का आपण?

त्यानं शिसवाची घोडी केली. घोडीचं काम म्हणजे सगळा खेळ तिच्या माथ्याचा. माथा अगदी नावाला उतरता घासायचा, म्हणजे तार त्याला टेकून-न टेकून थरथरते आणि गुंजन उठतं, त्यालाच जवारी म्हणायचं. जास्त घासला तर आवाज पत्र्यासारखा होतो, कमी घासला तर मुका. पहिली घोडी मुकी झाली. दुसरी पत्र्यासारखी. प्रेमाबाई दर आठवड्याला यष्टीनं यायची, बसायची, ऐकायची आणि मान हलवायची. चाँदपाशा वैतागला. हैदराबादच्या गवयांनी एवढं छळलं नव्हतं, म्हणाला. ती म्हणाली, त्यांच्याकडं निवडायला दहा सूर होते, माझ्याकडं एकच हाय. आषाढ सरता सरता तिसरी घोडी जमली. हाडाच्या घोडीपेक्षा आवाज थोडा जाड, थोडा मऊ, पण छातीत उतरायचा तिथंच उतरत होता.

तंबोरा घरी आला. गुंडाप्पानं तो पेंडीच्या पोत्यांपासून लांब, कोरड्या खोलीत टांगायला जागा केली. प्रेमाबाई रोज पहाटे सूर लावून बसायची. सगळं सुरळीत चाललं होतं आणि तिथंच तिचं हात शिवशिवणं नडलं.

शेवटचा सोमवार चार दिवसांवर होता. चाँदपाशाचं बोलणं, जाड तार लाकडाला खाते, तिच्या डोक्यात घोळत होतं. आता लाकूड टिकवायचं कसं, हे भाकरी करणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको. नवी काठवट आणली की तिला आधी तेल पाजायचं, सावलीत मुरू द्यायचं, म्हणजे ती उलत नाही, झिजत नाही. तेल तर घरचंच. तिनं घाण्यावरचं ताजं करडईचं तेल घेतलं आणि चिंधीनं घोडीला पाजलं, एकदा रात्री, एकदा सकाळी. घोडी काळीभोर चमकायला लागली. तिनं तार छेडली.

धप्प. ओल्या घोंगड्यावर काठी मारावी तसं.

तेल पुसलं, उन्हात धरलं, कोरडं पीठ लावून पाहिलं. काही फरक नाही. गुंडाप्पा म्हणाला, पुढच्या वर्षी म्हण, महादेव कुठं जातोय? तिनं तारा सैल केल्या. तंबोरा गोधडीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन नळदुर्गाला गेली.

चाँदपाशा खाटेवर उताणा होता आणि दोन्ही डोळ्यांवर हिरवी पट्टी. मोतीबिंदू काढून तिसराच दिवस. मान हलवायची नाही, वाकायचं नाही, शिंकायचंसुद्धा नाही, असा डॉक्टरचा हुकूम होता आणि तो पाळून घ्यायला कुलसुमबी पायाशी बसली होती. प्रेमाबाईनं काय केलं ते सांगितलं. खाट हलायला लागली तशी कुलसुमबी घाबरली, पण तो हसत होता, तोंड मिटून, मान न हलवता.

"काठवट," तो म्हणाला. "चाळीस वर्षांत घोडीला कुणी काठवट न्हाय केलं." मग हसू ओसरलं. "तेल प्यालेलं लाकूड खरवडून काढावं लागंल. माझे हात आठ दिवस बंद हायत."

"माझे बंद न्हाईत."

"बिघडली तर दुसरं शिसव न्हाय घरात."

"बिघडली तर तशीबी मुकीच हाय. कानस कुठं हाय ते सांगा."

कुलसुमबीनं कानस आणि फुटक्या काचेचा तुकडा आणून दिला. प्रेमाबाई खाटेशेजारी जमिनीवर बसली. तारा सैल करायच्या, दोन हात कानस फिरवायची, काचेनं गुळगुळीत करायचं, तारा पुन्हा चढवायच्या, सूर लावायचा, छेडायचं. डोळे बांधलेला चाँदपाशा ऐकायचा आणि म्हणायचा, न्हाय. परत. न्हाय. बारा वेळा झालं असेल. मधे एकदा तो म्हणाला की घोडी बघू नका, नजर फसवते, बोट फिरवा. ते तिला बरोबर कळलं. भाकरी कुठं जाड, कुठं पातळ, हे कुठली बाई डोळ्यांनी बघते? अंगठ्याशेजारच्या बोटानं ती माथा चाचपायची आणि उंचवटा लागला की तेवढाच घासायची. बोटाचं कातडं सोललं. कुलसुमबीनं चहा पुढं केला, तो तिनं नको नको म्हणत घेतला आणि तसाच निवू दिला.

उन्हं कलल्यावर एकदा तिनं खर्जाची तार छेडली आणि चाँदपाशा न्हाय म्हणाला नाही. तिनं पुन्हा छेडली. घोडी आता पहिल्यापेक्षा बुटकी झाली होती, आणि आवाज होता त्याहून जाड, थोडासा घोगरा, कडेला किंचित खरखर.

"ही जवारी माझी न्हाय," तो म्हणाला. "मी अशी केली नसती. पण हात लावू नका आता."

सोमवारी देऊळ भरलं होतं. भजन झालं, आरतीच्या आधी मास्तरांनी पेटीचा भाता मिटला आणि लोकांना सांगितलं की आज प्रेमाबाई एक पद म्हणणार. मागून कुणीतरी खाकरलं. एक बाई म्हशीबद्दल कायतरी कुजबुजली आणि दोघीतिघी पदर तोंडाला लावून हसल्या. प्रेमाबाई पुढं आली, नंदीच्या डाव्या अंगाला बसली आणि घाई न करता सूर लावला. एक खुंटी ऐकेना, तर तिला खडूची पूड लावून परत पिळली. लोकांना थांबायला लागलं, तर थांबू दिलं.

मग तिनं खर्ज सोडला. दगडी गाभाऱ्यानं तो आत घेतला आणि दुप्पट करून बाहेर टाकला. खांबाला टेकलेल्यांना तो पाठीत कळला. त्याच्यावर तिनं आपला आवाज ठेवला. ताणला नाही, चोरला नाही, जसा होता तसा. पहिल्या कडव्यात दोनदा श्वास चुकला. दुसऱ्यात नाही. हसणाऱ्या बायांचे पदर तोंडालाच राहिले, पण आता हसण्यासाठी नाही.

पद संपलं. मास्तर आरतीचं ताट घ्यायला उठले. प्रेमाबाईचं सोललेलं बोट तारेवरून निघालं नव्हतं, ते तसंच फिरत राहिलं.

"प्रेमाबाई, एक पद ठरलं होतं," मास्तर हळूच म्हणाले.

"व्हय, मास्तर. ते ह्या वर्षाचं झालं," ती म्हणाली. "मागली अकरा ऱ्हायलीत."

मास्तरांनी ताटातली वात विझवली, तेल वाचवायला, आणि खांबाला पाठ लावून खाली बसले. तिनं दुसरं पद धरलं.